गोळी चालू आहे, पण साखर कुठे आहे?

"शुगरचं कसं काय?" असं जळगाव-धुळ्याकडे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "गोळी चालू आहे ना!" तेवढ्यावर विषय संपतो. विचारणारा मोकळा, सांगणाराही मोकळा. गोळी चालू म्हणजे साखर ताब्यात, असं दोघांनीही धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात रोज नेमाने गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांची साखर वर्षानुवर्षं दोनशेच्या आसपास रेंगाळत असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हे केवळ आपल्याकडचं नाही, देशभराचं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एक लाख तेरा हजार माणसं तपासून मांडलेला अंदाज असा, की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. यावरून "आमच्या गावाकडे कमी आहे" असं समाधान करून घेऊ नका, कारण उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखंच निघालं. आज उंबरठ्यावर आहेत त्यातले बरेच जण उद्या घरात येणार.

पण मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा आकडा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांची साखर तपासली होती. त्यावरून संशोधकांनी हिशेब मांडला. मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी आपल्याला तो आहे हे माहीत असलेले साधारण ५२, औषध घेणारे ४०, आणि साखर ताब्यात असलेले २५.

ठिबकवर केळी घेणाऱ्याला हे लगेच समजेल. विहिरीवर मोटर चालू आहे, म्हणून शेवटच्या ओळीतल्या झाडाला पाणी पोचतंय असं तो कधी धरून चालत नाही. तो लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, उचलून बघतो. कुठे ड्रिपर क्षाराने बुजलेला असतो, कुठे खारीने नळी कुरतडलेली असते, कुठे मधलं कनेक्टर निसटलेलं असतं. शंभरातले पंचाहत्तरही असेच वाटेत गळतात, आणि प्रत्येक ठिकाणी गळण्याचं कारण वेगळं आहे.

"माले काय झायेल शे?"

"मला काय झालंय?" असं म्हणून तपासणीच न करणं, ही पहिली आणि सगळ्यात मोठी गळती. धडधाकट माणूस, शेतात जातो, दोन भाकरी खातो, झोप चांगली लागते. तपासणी कशाला करायची?

साखरेची जी लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत, म्हणजे फार तहान लागणं, सारखं लघवीला जावं लागणं, लघवीला मुंग्या लागणं, वजन उतरणं, ती बरीच उशिरा येतात. त्यामागे साधं गणित आहे. मूत्रपिंड रक्तातली साखर गाळून परत रक्तात पाठवतं, बाहेर जाऊ देत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही, मग ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि तहान लागते. मधुमेह मात्र १८० ला सुरू होत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची साखर ६.५ टक्के किंवा जास्त, यातलं काहीही असलं की मधुमेह. त्रास नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. म्हणजे उपाशीपोटी १४० असलेला माणूस पाच-सात वर्षं कसलाही त्रास न होता मजेत हिंडू शकतो. आतल्या बारीक रक्तवाहिन्या मात्र तेवढा काळ साखरेत मुरत असतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि वीस वर्षं चाललेल्या एका गाजलेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की निदान होतं त्या दिवसापर्यंत इन्शुलिन बनवण्याची ताकद जवळजवळ निम्मी संपलेली असते.

दुसरा गैरसमज अंगकाठीचा. "तो बघा केवढा जाड, त्याला नाही. मला कशी होईल?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणं छापली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली बारीक दिसणारी माणसं आतून बारीक नसतात. हात-पाय काड्या आणि पोट पुढे, ही आपल्याकडची घरोघरची आकृती. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घेर मोजायचा. पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर असेल तर धोका धरायचा.

हाच टेप घेऊन आशाताई घरी येते आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले की धोका जास्त. त्यांना आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात, तपासणीला आधी बोलावतात. तिशीपुढच्या सगळ्यांचीच साखर आणि रक्तदाब तिथे फुकट तपासतात. अडचण अशी, की आशाताई येते दुपारी आणि घरातला कर्ता पुरुष असतो शेतात, पारावर किंवा बाजाराला. बायकांचे फॉर्म भरले जातात, पुरुषांचे सुनेला विचारून भरले जातात. "मामंजी तंबाखू खातात का?" या प्रश्नाला सून काय उत्तर देणार! वर सांगितलेल्या हिशेबातही पुरुष, खेड्यातले, गरीब आणि कमी शिकलेले लोक जास्त गळाले होते, यात नवल नाही.

गरोदरपणात साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर "गेली", अशा बायांनी तर दरवर्षी तपासायला हवं. त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. क्षयरोगाची औषधं चालू असलेल्यांनीही तपासावं. मधुमेहात क्षय होण्याचा धोका दोन-तीन पटीने वाढतो, म्हणून एक सापडला की दुसरा शोधतात.

लागली की सुटत नाही

कळलं, पण औषध सुरूच केलं नाही किंवा मध्येच सोडलं, ही दुसरी गळती. "एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही" या भीतीने लोक गोळी पुढे ढकलतात. आजार जन्मभराचा आहे, त्याला गोळी काय करणार? चष्मा लावल्याने नंबर वाढतो असं म्हणणारेही हेच लोक असतात, ते जाऊ द्या.

पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन असते. ती काय करते ते कळलं की भीती कमी होते. आपण रात्री नऊला जेवलो, पहाटेपर्यंत पोटात काही नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी? तर ती यकृतातून येते. शरीर उपाशी राहू नये म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. एरवी इन्शुलिन त्याला "पुरे" म्हणतं. मधुमेहात यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही आणि सोडतच राहतं. मेटफॉर्मिन त्याला आवर घालतं. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं, म्हणून जेवणासोबत आणि कमी डोसाने सुरू करतात. गोळी बरीच जुनी, अभ्यासलेली आणि स्वस्त आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आपल्याकडच्या शाकाहारी माणसाने तर ते अधूनमधून तपासावं. मूत्रपिंडावर परिणाम होतो म्हणून ती सोडणारे बरेच भेटतात. मूत्रपिंड खराब करते ती साखर. मूत्रपिंड आधीच बरंच खराब असेल तर डॉक्टर ही गोळी कमी करतात किंवा बंद करतात, त्यातून हा समज पसरला असावा.

भिंतीवरच्या आणि मोबाइलवरच्या "शुगर मुळापासून बरी" वाल्या जाहिरातींबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथी यांनी कुणाचं वाईट होत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद केली की होतं. औषधाशिवाय साखर सामान्य पातळीला आणता येते हे मात्र खोटं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या वजनदार रुग्णांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षभराने गोळीविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. त्यासाठी त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक आहार पाळून भरपूर वजन उतरवलं होतं, आणि ज्यांनी जास्त उतरवलं त्यांना जास्त यश आलं. पुड्या खाऊन नव्हे. शिवाय वजन परत वाढलं की साखरही परत येते, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

नंदुरबारकडे गळतीचं आणखी एक कारण आहे, ते डॉक्टरांच्या हातातलं नाही. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या भागातून दिवाळीनंतर माणसं कुटुंबासह गुजरातमध्ये मजुरीला जातात, ऊसतोडीला जातात. गावच्या केंद्रातून महिन्याची गोळी मिळते आणि माणूस चार-पाच महिने बाहेर असतो. तिथे गोळी संपते, रोज बुडवून दवाखाना करणं परवडत नाही. निघण्याआधी केंद्रात सांगून शक्य तेवढ्या दिवसांच्या गोळ्या मागाव्यात, आणि गोळीच्या नावासकट चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. सुरतच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा त्याच गोळ्या असतात. नाव सांगता आलं पाहिजे, "पांढरी, लांबट" यावर कुणी औषध देत नाही.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बाहेरूनच घ्यायची असेल तर जनऔषधी केंद्रात तीच गोळी पुष्कळ कमी किमतीत मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ती डायलिसिसला कामी येते, रोजच्या गोळीला नाही. कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तीन महिन्यांचा हिशेब

आता तिसरी गळती, म्हणजे ते "गोळी चालू आहे" वाले.

तपासणीच्या आदल्या दोन दिवशी लोक एकदम शहाणे होतात. गोड बंद, रात्री नुसतं वरण, सकाळी उपाशीपोटी रक्त. रिपोर्ट १२२. "बघा, नॉर्मल!" त्यातून कुणी गोळी बंदही करतं. उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळची गोष्ट सांगते. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, लबाडी पकडते. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, तो हा आकडा. ७ टक्के म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सुमारे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. बहुतेकांनी ७ च्या खाली राहावं असं सांगतात. फार वयस्क, एकटं राहणारं, साखर पटकन उतरणारं माणूस असेल तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात. ब्रिटनमधल्या त्या वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात हा आकडा १ ने कमी असला की डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान ३७ टक्क्यांनी कमी दिसलं. ९ वरून ८ वर येणं ही सुद्धा मोठी कमाई आहे.

खानदेशात या तपासणीला एक पुस्ती जोडायला हवी, ती महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी १२० दिवस जगत नाहीत, लवकर मोडतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून एचबीएवनसी खोटंच कमी येतं. साखर अडीचशे आणि रिपोर्ट साडेसहा, असं होऊ शकतं. उलट नुसती लोहाची कमतरता असेल, जी आपल्या बायांत घरोघर आहे, तर आकडा थोडा वाढून येऊ शकतो. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत आदिवासी भागात तपासण्या चालू आहेत. ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे, वाहक असले तरी, त्यांनी ते साखरेच्या डॉक्टरला आणि लॅबवाल्याला दाखवावं. अशांची साखर नेहमीच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या तपासणीवरच जोखावी लागते.

घरी ग्लुकोमीटर असेल तर एक मजेशीर फसगत टाळा. केळी किंवा आंबा सोलून तसंच बोट टोचलं, तर फळाची साखर बोटावर असते आणि मशीन पन्नास-शंभरने जास्त सांगू शकतं. स्पिरिटचा बोळा फिरवूनही ती पुरती जात नाही. साबण-पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं.

आकडा वाढलेला दिसला तरी पुढे काही होत नाही, ही खरी रड आहे. पेशंट जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या घेत राहतो, चिठ्ठी तीन वर्षांची. डॉक्टरकडे गेलाच तर गर्दीत दोन मिनिटं मिळतात आणि "तीच चालू ठेवा" होतं. वास्तविक हा आजार सरकत जातो. पहिल्या वर्षी एका गोळीत भागलं ते सातव्या वर्षी भागेलच असं नाही, कारण इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू थकतात. गोळी वाढली म्हणजे डॉक्टर लुटतोय किंवा आपण नापास झालो, दोन्ही नाही. इंडियाबमध्येच आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी ३६.३ टक्के लोकांचं एचबीएवनसी ७ च्या खाली निघालं. साखर, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल तिन्ही ताब्यात असलेले किती? ७.७ टक्के. मधुमेही माणूस बहुधा हृदयविकाराने जातो, म्हणून नुसत्या साखरेच्या मागे लागून बीपी १६० वर सोडून देण्यात अर्थ नाही. १३०/८० च्या आसपास ते हवं.

नव्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, आणि हृदयाला, मूत्रपिंडाला संरक्षणही देतात. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर किमती खूप उतरल्या. त्यात पाणीही जास्त जातं, म्हणून मे महिन्यात शेतात काम करणाऱ्याने पाणी भरपूर प्यावं, जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टरला विचारून ती थांबवावी, आणि लघवीच्या जागी खाज-लाली आली तर लाजून गप्प बसू नये.

भाकरी, भरीत आणि आखाजीचा रस

"आम्ही तर भाकरीच खातो, साखर कशी वाढेल?" याचं उत्तर ऐकून लोक चमकतात. दादरच्या ज्वारीत शंभर ग्रॅमला सत्तरेक ग्रॅम पिष्ट पदार्थ असतात, आणि त्यांची पोटात साखरच होते. आपल्याकडची ऐसपैस भाकरी सत्तर-ऐंशी ग्रॅम पिठाची असते. म्हणजे एका भाकरीत पन्नास ग्रॅमच्या आसपास. मध्यम केळ्यात असतात पंचवीसेक. ज्या केळ्याला आपण शिव्या घालतो, तशी दोन केळी एका भाकरीत! भाकरीत तंतू आहेत, ती पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचते, हे खरं. पण तीन भाकऱ्या त्या तीनच. कळण्याची भाकरी त्या मानाने बरी, कारण उडदामुळे प्रथिनं वाढतात आणि एक-दीड भाकरीत पोट भरतं.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचं असंच आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. वांगं मधुमेह्याला अगदी निर्धोक. त्यावरचं तेल आणि सोबतच्या पुऱ्या हा हिशेबाचा भाग. मळ्यात बसल्यावर पुऱ्या कोण मोजतं? निदान आधी कांद्याची पात, मुळा, भरीत भरपूर खाऊन मग पुरी घेतली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. वरण-बट्टीलाही हेच लागू: आधी वरण आणि वांग्याची भाजी, मग बट्टी, आणि बट्टीवर वर भात नको. शेवभाजीची शेव बेसनाची म्हणून चालते असं समजू नका, ती तळलेली आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि पुरणपोळी नाकारणं कुणाला जमत नाही, आणि कुणी सांगितलं तरी ऐकत नाही. वाटीभर रस घ्यायचा असेल तर पोळी एक, भात नाही, आणि जेवणानंतर अंगणात पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या. धोका आहे तो "आज गोड खातोय, दोन गोळ्या घेतो" या हिशेबात. रस दोन तासांत पचतो, गोळी दिवसभर काम करते, आणि संध्याकाळी साखर नको तेवढी खाली येते.

उपास आणि वारी

साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस चिडतो किंवा बरळतो. दारू प्यायलाय समजून लोक त्याला तसाच सोडून देतात. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा तेवढीच, आणि मग काहीतरी खायला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना. हे मुख्यतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांत आणि इन्शुलिनमध्ये होतं. एकट्या मेटफॉर्मिनमध्ये सहसा होत नाही. म्हणून आपली गोळी कोणती ते एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरण्याआधी माहीत हवं, आणि डोस कधी किती घ्यायचा ते डॉक्टरला आधीच विचारून ठेवायला हवं. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत सुरू करणाऱ्यांनाही तेच. साबुदाणा-बटाटा हा उपास साखरेच्या दृष्टीने जेवणापेक्षा भारी, हेही जाता जाता.

मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते. त्यात साखरेचे वारकरी असतातच. चालल्याने साखर उतरते, ते चांगलं. जपायचे ते पाय. बरीच वर्षं साखर असलेल्याच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असते. नवी चप्पल चावते, तापलेल्या डांबराचा चटका बसतो, खडा रुततो, आणि कळत नाही. रात्री मुक्कामाला तळवे आरशात बघावेत किंवा दुसऱ्याला बघायला लावावेत, बोटांच्या बेचक्यांसह. कापूस वेचायला अनवाणी जाणाऱ्यांनाही हेच. चैत्र-वैशाखात देवाला अनवाणी जायचा नवस बोललेला असेल तर पहाटे उन्हाआधी जावं.

पायाशिवाय वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात: बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. दिसायला नीट दिसतं म्हणून पडदा चांगला असेलच असं नाही. मूत्रपिंडाचं काम कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन दिसतं, आणि तेव्हा मूत्रपिंड वाचवायला वेळ असतो.

मे महिन्यातलं इन्शुलिन

इन्शुलिन सांगितलं की लोक "शेवटची पायरी आली" म्हणून रडकुंडीला येतात. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरंटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला पहिल्यांदा ते दिलं आणि तो जगला. शंभर वर्षांत त्याहून भरवशाचं औषध या आजारावर निघालेलं नाही. ऑपरेशन किंवा मोठं दुखणं असलं की काही दिवसांपुरतंही देतात आणि नंतर बंदही करतात.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीला टेकतो. बंद कुपी फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची, दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ नाही. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण खोली तिशीच्या आत असेल तर. मे महिन्यात पत्र्याच्या घरात ते शक्य नाही. फ्रिज नसेल तर दोन मातीची मडकी घ्या, एकात एक बसतील अशी. मधल्या फटीत वाळू भरून ती सतत ओली ठेवा, आतल्या मडक्यात कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवा, वर ओलं फडकं. पाणी उडताना आत बाहेरच्यापेक्षा बरंच थंड राहतं. लाइट जातात तिथेही हे कामाला येतं. बाहेरगावी जाताना मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर कुपी ठेवू नये. थर्मासमध्ये बर्फाचा खडा टाकून त्याला चिकटूनही नको. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच दिसलं तरी ते टाकून द्यायचं.